राधिकासांत्वनम् : बंदी घातलेले काव्य आणि त्याचे वाचक

बंदी घातलेल्या शृंगारसाहित्याचा विषय निघाला की आपण फ्रान्सकडे पाहतो. 1857 साली बोदलेरला दंड झाला, त्याच्या संग्रहातल्या सहा कविता काढायला लावल्या गेल्या आणि ती बंदी उठायला 1949 उजाडले. या पाठात आपण मराठ्यांच्या तंजावरकडे वळू. त्या दरबारात जन्मलेल्या एका काव्याचे नशीब बोदलेरपेक्षा विचित्र आहे.

भोसले घराण्यातील राजा प्रतापसिंह (कारकीर्द 1739 ते 1763) यांच्या दरबारात मुद्दुपळनी ही गणिका होती. तिने तेलुगूत ‘राधिकासांत्वनम्’ लिहिले. राजा मराठी आणि काव्य तेलुगू, याचे आश्चर्य वाटू देऊ नका. तंजावरात मराठी, तेलुगू, तमिळ आणि संस्कृत एकत्र नांदत होत्या. काव्याच्या प्रारंभी मुद्दुपळनी आपल्या आजीचा उल्लेख करते, आपली विद्वत्ता मिरवते आणि इतर कवी आपल्याला ग्रंथ अर्पण करतात असेही सांगते. संकोच कुठेच नाही.

कथानक साधे आहे. वयाने मोठी असलेली राधा स्वतः वाढवलेल्या इळेचे लग्न कृष्णाशी लावून देते. नववधूला ती प्रणयाचे धडे देते, कृष्णाला हळुवार वागायला सांगते आणि मग स्वतःच मत्सराने जळते. शेवटी कृष्णाला तिची मनधरणी करावी लागते. यातील प्रणयवर्णने उघड आहेत, हे मान्य करूनच पुढे जाऊ. पण माझ्या मते काव्याचे खरे बळ वेगळ्या ठिकाणी आहे. ज्या स्त्रीने समजूतदारपणे आपले माणूस दुसरीला दिले, तिची इच्छा त्यामुळे संपत नाही. ती ओशाळत नाही, रागावते आणि मागते. आपल्या अनेक लावण्यांतही स्त्री मागताना दिसते, पण त्या बहुधा पुरुष शाहिरांनी रचलेल्या आहेत. इथे लिहिणारीही स्त्री आहे.

आता वाचकांकडे येऊ. दरबारात हे काव्य ऐकले गेले, तेव्हा ते अश्लील आहे असे म्हणणारा कोणी नव्हता. एकोणिसाव्या शतकात ते छापले गेले, पण कवयित्रीची प्रस्तावना आणि काही पद्ये वगळून. समाजसुधारक कंदुकूरी वीरेशलिंगम् यांनी तिच्यावर कठोर टीका केली. स्त्रियांच्या शिक्षणासाठी आणि विधवाविवाहासाठी झटणारा हा माणूस. त्याला स्त्रीने असे लिहिणे मात्र सहन झाले नाही. त्यांना केवळ दांभिक म्हणून मोकळे होऊ नका. सुधारणेला जी ‘कुलीन’ स्त्री घडवायची होती, तिच्यात मुद्दुपळनीला जागाच नव्हती.

बेंगळूरू नागरत्नम्मा या गायिकेने मूळ संहिता मिळवली आणि वगळलेला भाग परत घालून 1910 मध्ये नवी आवृत्ती काढली. त्या स्वतः देवदासी परंपरेतल्या. प्रस्तावनेत त्यांनी वीरेशलिंगम् यांना थेट जाब विचारला: लाज ही काय फक्त बायकांनीच बाळगायची गोष्ट आहे? पुरुषांनी लिहिलेला तसाच शृंगार चालतो, मग हा का नाही? (तिरुवय्यारूला त्यागराजांच्या समाधीचे मंदिर उभारणाऱ्या नागरत्नम्मा त्या याच.) पुढच्याच वर्षी सरकारने पुस्तक अश्लील ठरवून प्रती जप्त केल्या.

इथे बोदलेरशी तुलना करून पाहा. त्याच्यावर खटला झाला तो पुस्तक ताजे असताना, आणि कवी हजर असताना. मुद्दुपळनी मात्र तेव्हा शंभराहून अधिक वर्षे मागे होती. मजकूर बदलला नव्हता. मधल्या काळात छापखाना आला होता, पुस्तक कोणाच्याही हाती पडू शकत होते, आणि परकीय कायद्याला देशी सुधारकांच्या मताचा आधार मिळाला होता. मला वाटते, भीती शब्दांपेक्षा या नव्या, अनोळखी वाचकाची जास्त होती.

बंदी उठली ती 1947 मध्ये, टंगुटूरी प्रकाशम् मद्रास प्रांताचे पंतप्रधान असताना. 1952 मध्ये पुस्तक पुन्हा निघाले. आज इंग्रजी अनुवाद उपलब्ध आहे. तो हाती घेतलात, तर शृंगाराची पद्ये शोधण्याआधी मुद्दुपळनीचा स्वतःविषयीचा भाग वाचा; पहिल्यांदा कात्री लागली होती ती त्याला.