‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधील बचावपक्ष

विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक ‘रंगायन’ने १९६७ साली रंगभूमीवर आणले. तेव्हापासून त्याची चर्चा प्रायः दोन अंगांनी होत आली आहे : लीला बेणारे या अविवाहित शिक्षिकेच्या निमित्ताने प्रकट होणारे मध्यमवर्गाचे क्रौर्य, आणि खेळ व वास्तव यांच्या सरमिसळीतून सिद्ध झालेली रचना. दोन्ही चर्चा रास्तच आहेत. परंतु बेणारेवरचा हा खटला मुळात उभा का राहतो, या साध्या प्रश्नाला त्या मानाने कमी महत्त्व मिळाले आहे.

तो उभा राहतो शिकवणीसाठी. मुंबईची एक हौशी मंडळी खेडेगावात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करण्यास आलेली आहे. एक साक्षीदार येऊ शकत नाही. त्याची जागा गावातल्या सामंताने घ्यावयाची. आणि सामंताने तर उभ्या जन्मात कोर्ट पाहिलेले नाही. त्याला कोर्टाची रीत समजावी म्हणून दुपारी हा रंगीत खटला मांडला जातो. म्हणजे ज्याला आज विधी साक्षरता शिबिर म्हणतात, त्याच जातीचा हा उपक्रम आहे, आणि नाटकातील उपरोधाचे मूळ येथे आहे. सामंत शिकतो काय? शपथ कशी घ्यावी, पिंजऱ्यात कसे उभे राहावे, शांतता केव्हा पाळावी. शपथ घेतली जाते ती ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशावर. गमतीखातर योजलेल्या या वस्तूत मफस्सल न्यायालयांचा पुष्कळसा इतिहास सामावलेला आहे. आणि सामंत इतका उत्तम विद्यार्थी निघतो, की हातातल्या कादंबरीच्या आधाराने तो साक्ष रचतो आणि ती साक्ष म्हणून खपूनही जाते. न्यायाची बाह्य रीत त्याला पूर्ण अवगत होते. आरोपीला कोणते हक्क असतात, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही, कारण सांगणाऱ्यांना त्याची आठवणच नाही.

या विस्मरणाचे मूर्त रूप म्हणजे वकील सुखात्मे. पक्षकारांविना दिवस काढणारा हा वकील सरकारपक्षाचे काम चालवतो आणि बचावाचेही. फिर्यादपक्षाचे काम आटोपताच तो आसन बदलतो, मुद्रा खिन्न करतो आणि आरोपीचा वकील होतो. प्रेक्षक येथे हसतात, आणि त्यांनी हसावे हेच नाटककाराला अभिप्रेत असावे. परंतु नाटकातील सर्वांत भयानक कृती हीच आहे. बचावाचे साक्षीदार पुकारले जातात, तर ते गैरहजर. त्यांत प्राध्यापक दामलेही आले. न्यायाधीश काशीकर स्वतः आसनावरून उतरून आरोपीविरुद्ध साक्ष देतात व पुन्हा आसनस्थ होतात. रीत सर्व पाळली जाते. फक्त आरोपीच्या बाजूने उभा राहणारा मनुष्य तेवढा नाही.

हा निव्वळ खेळ आहे, त्याला कायद्याचे माप कशाला लावावयाचे, असा आक्षेप संभवतो. तो टिकणारा नाही. भ्रूणहत्येच्या आरोपापासून शिक्षेपर्यंतचा सारा क्रम नाटककाराने न्यायालयाच्याच कार्यपद्धतीतून उचलला आहे. मग त्या क्रमात जे गाळले गेले, त्याची दखल समीक्षेने घेतलीच पाहिजे. १८९८ची फौजदारी प्रक्रिया संहिता तेव्हा अमलात होती. वकिलाकरवी बचाव करण्याचा हक्क तिने आरोपीला दिला होता. मात्र ऐपत नसणाऱ्यास तो वकील कोठून मिळावा, याविषयी ती मुकी होती. पुढे १९७३च्या संहितेने सत्र न्यायालयातील निर्धन आरोपीस सरकारी खर्चाने वकील देण्याची तरतूद केली आणि १९७६च्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ आला. सुखदास खटल्यात १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने याहून मार्मिक गोष्ट सांगितली : आरोपीने वकील मागितला नाही म्हणून त्याचा हक्क बुडत नाही, ज्याला हक्कच ठाऊक नाही, तो मागणार कसा? सामंताला शिकवण्याजोगा धडा कोणता, तर हाच.

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ साली संमत झाला व १९९५ साली अमलात आला. त्यान्वये स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे वा जिल्हा प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. बेणारे आज खऱ्या न्यायालयात उभी असती, तर स्त्री असल्याच्या एवढ्याच आधारावर ती या साहाय्यास पात्र ठरली असती. तथापि तिला मिळालेला वकील खराच दुसऱ्या बाजूचा असता, की आसन बदललेला सुखात्मे असता? हा प्रश्न कायद्याच्या कलमाने सुटत नाही. नेमणुकीपुरता उभा राहणारा, कागद न वाचलेला वकील हे विधी साहाय्याचे जुने दुखणे आहे, आणि २०२२पासून अनेक जिल्ह्यांत केवळ बचावाच्या कामासाठी पूर्णवेळ वकील नेमण्याची जी योजना आली, तिच्या मुळाशी हीच जाणीव दिसते.

नाटककाराने बेणारेला वकिलाऐवजी स्वगत दिले आहे. निवेदनासाठी दहा सेकंद मिळाल्यावर ती गप्प राहते. मग सर्व पात्रे गोठतात आणि ती बोलते, प्रदीर्घ आणि उत्कट. रंगभूमीच्या दृष्टीने ही योजना प्रभावी आहे, यात संशय नाही. तरी तिच्यात एक सोय दडलेली आहे, असे म्हणावे लागते. ते बोलणे कोर्टाने ऐकलेले नाही. ते दप्तरी दाखल झालेले नाही. ऐकतो तो प्रेक्षक, आणि ऐकून तो द्रवतो. न्यायाची उणीव करुणेने भरून निघाल्याचा आभास घेऊन तो घरी जातो. सुलभा देशपांडे यांनी साकारलेली बेणारे अविस्मरणीय ठरली ती पुष्कळ अंशी या स्वगतामुळे. आणि कदाचित म्हणूनच सुखात्म्याचे रिकामे दुसरे आसन समीक्षेच्या नजरेतून निसटले.

दप्तराचा हा प्रश्न चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या २०१४च्या चित्रपटाने पुढे नेला. मुंबईच्या सत्र न्यायालयातील आरोपी, शाहीर नारायण कांबळे, याला खराखुरा, तळमळीचा वकील आहे. मृत सफाई कामगाराची विधवा साक्षीत सांगते, की गटारात उतरण्यापूर्वी नवरा आत खडा टाकून झुरळ बाहेर येते का ते पाही. येथे स्वगत नाही, कोणी गोठत नाही. साक्षीदार आपल्या भाषेत बोलतात, न्यायाधीश त्याची इंग्रजी वाक्ये करून लेखनिकाला सांगतात, आणि दप्तरात जाते ते तेवढेच. महाराष्ट्रातील दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना १९९८ सालीच निघालेली होती.