तक्त्यातली वाफ आणि गव्हाणीतला ऊस

लातूर-नांदेड रस्त्यावर चाकूरला दिवाळीच्या सुमारास उसाच्या ट्रॉल्या दिसू लागल्या, की आसपासच्या साखर कारखान्यांचे बॉयलर पेटल्याचे कळते. अग्निप्रदीपन, मोळीपूजन, मग गाळप. याच दिवसांत इथे बसून मी वाफेच्या चक्राची संगणकीय प्रारूपे वाचतो. ‘वाचतो’ हा शब्द जाणूनबुजून वापरला आहे. प्रक्रियेचे सिम्युलेशन हाही एक मजकूर असतो. त्याला लेखक असतात, गृहीतके असतात. म्हणून त्याची समीक्षाही व्हायला हवी.

माझ्यासमोर असते ते ‘डीडब्ल्यूसिम’ हे मुक्त सॉफ्टवेअर. ते ब्राझीलमध्ये जन्मले. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पाने ते महाविद्यालयांत नेले आणि विद्यार्थ्यांनी केलेली फ्लोशीट तपासून सर्वांसाठी खुली केली. महागडा परवाना न घेता गावातल्या मुलालाही बॉयलर, टर्बाइन, कंडेन्सर, पंप पडद्यावर जोडता येतात, हे मोठे काम आहे. माझा आक्षेप त्यातून निघणारी उत्तरे आपण कशी वाचतो, यावर आहे.

या मजकुरातला पहिला लेखक म्हणजे गुणधर्मांचे पॅकेज. पाणी आणि वाफेसाठी 1997 साली आंतरराष्ट्रीय पातळीवर स्वीकारलेली ‘आयएपीडब्ल्यूएस-आयएफ 97’ ही सूत्रमाला दाब-तापमानाच्या नकाशाचे पाच प्रदेश पाडते आणि प्रत्येकासाठी वेगळे समीकरण देते. त्यामागे प्रयोगशाळांतली दीर्घकाळची मोजमापे आहेत. 1976चे पेंग-रॉबिन्सन समीकरण मुख्यतः हायड्रोकार्बनांसाठी घडले. द्रवरूप पाण्याची घनता सांगताना ते बरेच चुकते. शिवाय दोघांचा शून्यही एक नाही. वाफेच्या तक्त्यांचा शून्य 0.01 अंश सेल्सियसच्या द्रवरूप पाण्यावर असतो. इतर पॅकेजे बहुधा 25 अंशांच्या आदर्श वायूपासून मोजतात. एकदा मी पाण्याची एन्थाल्पी एका पॅकेजमधून, वाफेची दुसऱ्यातून घेतली आणि वजाबाकी केली. बॉयलरला लागणारी उष्णता जवळपास दुप्पट आली. आकडे दोन्ही बरोबर होते, वाचन चुकले होते.

दुसरा लेखक म्हणजे आपण स्वतः. 60 बार दाबाची, 500 अंशांची वाफ टर्बाइनमधून 2 बारवर उतरते असे धरू. आदर्श प्रसरणात दर किलोमागे सुमारे 813 किलोज्यूल काम मिळते. प्रत्यक्षातले टर्बाइन त्यातला किती भाग देते, म्हणजे त्याची आयसेन्ट्रॉपिक कार्यक्षमता किती, हे सॉफ्टवेअरला ठाऊक नसते. ती चौकट आपण भरतो. 80 टक्के लिहिले तर ताशी 50 टन वाफेवर टर्बाइन सुमारे 9 मेगावॅट देते. 85 लिहिले तर साडेनऊच्या वर. ही अर्ध्या मेगावॅटहून अधिक वीज केवळ एका अंदाजातून आली. पडद्यावर मात्र मोजमापातून आलेली एन्थाल्पी आणि अंदाजाने भरलेली कार्यक्षमता यांतून निघालेली सगळी उत्तरे सारख्याच दशांशस्थळांनी, सारख्याच ठळकपणे उभी राहतात. या माध्यमाचा सर्वांत मोठा दोष मला हाच वाटतो. कशावर किती भरवसा ठेवावा, हे त्याची मांडणीच लपवते.

तिसरा लेखक अनुपस्थित आहे. तो म्हणजे ऊस. पुस्तकी रँकिन चक्र बंदिस्त असते, तेच पाणी फिरत राहते. साखर कारखान्यात तसे नसते. उसाच्या वजनात सुमारे 70 टक्के पाणीच असते. टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ रस आटवते, रसातले पाणी वाफ होऊन पुढचे भांडे तापवते, आणि त्याचे कंडेन्सेट कारखान्यालाच वापरायला मिळते. 2016 साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे हा प्रवाह प्रारूपातून गाळणे मला तांत्रिक तपशिलाची चूक वाटत नाही. ते वास्तवाकडे पाठ फिरवणे आहे. इंधनाचेही तसेच. बगॅस हा एखादा रेणू नाही, म्हणून संयुगांच्या तयार यादीत तो मिळत नाही. त्यातला ओलावा सुमारे 50 टक्के असतो. तो वाढला की भट्टीची उष्णता पाणी उडवण्यातच जाते.

अशा प्रारूपांवरून यंत्रे ठरतात, यंत्रांवरून कर्जे, आणि कर्जाचा भार शेवटी सभासदाच्या उसाच्या पैशांवर येतो. म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक फ्लोशीटच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहाव्यात: गुणधर्म कोणत्या पॅकेजमधून घेतले, कोणते आकडे मोजलेले आहेत, आणि कोणते मनाने धरलेले. संपादक प्रस्तावनेत आपल्या प्रतीचा पाठ कुठून घेतला ते सांगतो, तितकेच हे आवश्यक आहे.

मी माझ्या प्रारूपांना असे पान जोडू लागलो, तेव्हा धरलेल्या आकड्यांची यादी मोजलेल्यांपेक्षा लांब निघाली. त्यानंतर मी उत्तरांतली दशांशचिन्हापुढची घरे खोडायला शिकलो.