व्हेर्दीची पत्रे आणि नाट्यपदाची भाषा

‘आयदा’ (१८७१) ही संगीतिका रचली जात असता, १८७० साली, जुझेप्पे व्हेर्दीने कवी गिस्लान्झोनी यास लिहिलेली पत्रे केवळ चरित्रसाधने नव्हेत. त्यांत भाषाविचार आहे. प्रसंग नेमका उभा करणाऱ्या शब्दासाठी (त्यास ‘रंगशब्द’ म्हणता येईल) वृत्त, यमक, कडवे सोडावयास तो सिद्ध आहे. ‘मानापमाना’त (१९११) क्रम उलटा : गोविंदराव टेंबे यांच्या चाली आधी, खाडिलकरांचे शब्द मागाहून. चालीच्या मात्रा भरताना अन्वय वाकला. तेव्हा क्लिष्टतेचा दोष एकट्या कवीच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. व्हेर्दीची कसोटी लावावयाची तर पद केवळ पुस्तकात वाचून भागणार नाही; गाताना त्यातील कोणता शब्द प्रसंग उजळतो, हेच पाहिले पाहिजे.