कुलमुखत्यारपत्राची भाषा
कुलमुखत्यारपत्र हा जसा कायद्याचा तसाच भाषेचाही विषय आहे. कारण त्यात एकाचा शब्द दुसऱ्याच्या तोंडी दिला जातो. ‘मुखत्यार’ म्हणजे मूळ अरबीत निवडलेला. ‘कुल’ हाही अरबीच, त्याचा अर्थ सर्व. संस्कृत ‘कुला’शी त्याचा संबंध नाही. हा दस्त घरच्याच माणसाला द्यावयाचा, असे मानणे म्हणूनच निराधार होय.

घरविक्रीच्या रूढ मसुद्यात क्रियापदांची माळ असते : विकणे, भाड्याने देणे, पैसे स्वीकारणे, पावती देणे, आणि अखेरीस ‘इत्यादी सर्व कृत्ये करणे’. या शेवटच्या पदात सर्व काही आले, अशी लिहून देणाऱ्याची समजूत असते. न्यायालयांची वाचनपद्धती नेमकी उलट आहे. मुखत्यारपत्राचा अर्थ ती काटेकोरपणे लावतात आणि सर्वसाधारण शब्द आधीच्या विशिष्ट शब्दांच्या मर्यादेत वाचतात. नुसत्या विक्रीच्या अधिकारातून गहाणाचा अधिकार आपोआप निघत नाही. ‘गहाण’ हे एक पद राहून गेले, तर परदेशस्थ मालकाच्या भावाचे कर्जप्रकरण अडते. ते नकळत शिरले, तर वृद्ध मालकिणीचे राहते घर तिच्या अजाणता तारण होऊ शकते.

‘कायम व रद्द न होणारे’ हे विशेषणही असेच फसवे आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०२ प्रमाणे, मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध त्या मिळकतीत असेल तरच या शब्दांना बळ येते. एरवी मालक अधिकार काढून घेऊ शकतो आणि त्याच्या मृत्यूने तो संपतो. ‘सूरज लॅम्प विरुद्ध हरियाणा राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली हाच भेद अधोरेखित केला : मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही, त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच हवे. मात्र खऱ्याखुऱ्या मुखत्याराने मालकाच्या वतीने करून दिलेले खरेदीखत या निर्णयाने बाधित होत नाही.

मसुद्याचा दोष अशा रीतीने शैलीपुरता उरत नाही. पानभर लांबलेल्या एकाच वाक्यात कर्ता ‘मी’वरून ‘ते’वर केव्हा सरकला, हे सही करणाऱ्यास कळत नाही. प्रत्येक अधिकारास स्वतंत्र वाक्य, मिळकतीचे नेमके वर्णन, किमान किंमत आणि मुदत, एवढे पथ्य पाळले तरी दस्त सुबोध होईल. ज्याचे घर पणाला लागते, त्याला तो वाचून समजणे, हीच त्या भाषेची पहिली कसोटी होय.