शफलवर टाकलेलं गीतरामायण

एखाद्या म्युझिक अ‍ॅपवर ‘गीतरामायण’ असं टाकून बघा. सुधीर फडके म्हणजे बाबूजी यांनी स्टुडिओत गायलेली गाणी समोर येतील. त्यांच्या जाहीर कार्यक्रमांतली येतील, श्रीधर फडक्यांची येतील आणि मग पुढच्या पिढ्यांतल्या कुणाकुणाची येत राहतील. गाण्याचं नाव सगळीकडे एकच. पण कडवी किती घेतली, कुठली गाळली, आधी काय होतं, नंतर काय येणार आहे, यातलं काही त्या छोट्या चौकोनात लिहिलेलं नसतं. आपण प्ले दाबतो आणि जे वाजेल तेच ‘ते गाणं’ समजतो.

इंग्रजी पॉप ऐकणाऱ्यांना हा घोळ जुना आहे. बीटल्सचं ‘लेट इट बी’ १९७० साली आधी सिंगल म्हणून आलं, मग त्याच नावाच्या अल्बममध्ये आलं. सिंगलचा निर्माता जॉर्ज मार्टिन. अल्बमवर फिल स्पेक्टरने हात फिरवला आणि मधला गिटारचा तुकडाही वेगळा घेतला. गाणं तेच, तरी तिथले चाहते आजही सिंगलवाले आणि अल्बमवाले असे वाटले गेलेत. पुढे सीडीच्या काळात, १९८८ मध्ये, ‘पास्ट मास्टर्स’ या संग्रहात अशी सुटी गाणी एकत्र केली गेली. आता दोन्ही सीडी शेजारी ठेवून फरक ऐकता येतो.

मराठीत असं कुणी बसून ऐकत नाही. ऐकायला हवं, आणि त्यासाठी गीतरामायणाइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. कारण इथे फरक गिटारच्या तुकड्यापुरता नाही. गाणं कोण म्हणतंय आणि कुणाला म्हणतंय, हेच आवृत्तीगणिक बदलतं.

आधी थोडा इतिहास. पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, गीतरामायणाचं पहिलं गाणं लागलं. कल्पना केंद्रावरच्या सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत फडक्यांचं. दर आठवड्याला एक नवं गाणं. वर्षभराची बावन्न व्हायची, पण त्या वर्षी अधिक मास आला आणि पुढच्या रामनवमीपर्यंत, १९ एप्रिल १९५६ पर्यंत, छप्पन्न झाली. म्हणजे ही एक वेब सीरिजच होती. पुढचा भाग ऐकायला आठवडाभर थांबायचं आणि मधलं गाणं चुकलं तर कथेत खड्डा.

या पहिल्या आवृत्तीत पात्रांना वेगवेगळे आवाज होते. माणिक वर्मा सीतेची गाणी गायल्या, ललिता फडके कौसल्या झाल्या. वसंतराव देशपांडे, राम फाटक असे गायक होते, स्वतः फडके होते. थोडक्यात, ते श्रवणनाट्य होतं.

पुढे एचएमव्हीने गीतरामायण तबकड्यांवर आणलं तेव्हा सगळी गाणी एकट्या बाबूजींच्या आवाजात आली. तबकडीवरून कॅसेट, कॅसेटवरून सीडी, सीडीवरून अ‍ॅप असा प्रवास याच आवृत्तीने केला. राम तेच, रावणाला धमकावणारी सीता तीच, शबरी तीच, शूर्पणखाही तीच. आपल्या डोक्यात जे ‘मूळ गीतरामायण’ आहे, ते खरं तर दुसरं.

मग पहिलं सरस की दुसरं? घाई करण्याआधी हे दोघे कुठून आले ते बघू. फडके आणि माडगूळकर दोघंही १९१९ सालचे. फडक्यांचा जन्म कोल्हापूरचा, गाण्याचे पहिले धडेही तिथेच, वामनराव पाध्ये यांच्याकडे गिरवलेले. माडगूळकर माणदेशातले, पण सिनेमात पाऊल ठेवलं ते कोल्हापुरात, मास्टर विनायकांच्या हंस पिक्चर्समध्ये. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये याच गावात उभी राहिली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. फडके पुढे तिथेही संगीतकार झाले. दोघांच्याही हाताला सिनेमाचं वळण होतं. सिनेमातलं गाणं हवेत लिहून चालत नाही. कोण बोलतंय, कुणाशी, कुठल्या क्षणी, हे आधी ठरतं आणि मग मुखडा सुचतो.

गीतरामायण याच वळणाचं आहे. यातली बहुतेक गाणी कुणाच्या तरी तोंडची आहेत, आणि समोर ऐकणारं कुणीतरी आहे. सुमंत दशरथाला रामाचा निरोप सांगतो. जखमी जटायू रामाला सीतेची बातमी देतो. अयोध्येचे लोक निघालेला रथ थांबवू बघतात. अशी गाणी प्रसंगातून उचलून एकटी ठेवली की ती थोडी बहिरी होतात. बोलत राहतात, पण कुणाशी ते त्यांना कळेनासं होतं.

सगळ्यांत जास्त उचलून नेलेलं गाणं म्हणजे पंचविसावं, ‘पराधीन आहे जगती’. शोकसभेत ते लागतं, दहाव्या-तेराव्याच्या दिवशी लागतं. सुटं ऐकलं तर ते नियतीपुढे हात टेकण्याचं गाणं वाटतं. माणसाच्या हातात काही नाही, सोसावं, गप्प राहावं. गीतरामायण दैववादी आहे असा ठपका ठेवणारे बहुधा या एका गाण्याकडे बोट दाखवतात.

आता तेच गाणं अल्बममध्ये ऐका. तेविसाव्या गाण्यात भरत आईवर तुटून पडलाय, तिला वैरीण म्हणतोय. चोविसाव्यात लक्ष्मणाला वाटतं की भरत सैन्य घेऊन चाल करून आला, आणि तो रामाला शस्त्र उचलायला सांगतो. एका भावाचा राग आईवर, दुसऱ्याचा भावावर. घर फुटायच्या बेताला आलंय. या दोन तापलेल्या गाण्यांनंतर फडक्यांची यमनच्या अंगाने जाणारी शांत चाल सुरू होते आणि राम भरताशी बोलू लागतो. पहिल्याच कडव्यात तो आईला आणि वडिलांना दोषातून मोकळं करतो. दैवाची सगळी भाषा त्याने यासाठी वापरलीय. भरताचा राग कैकेयीवरून उतरवायचा तर दोष कुठेतरी ठेवायला हवा. राम तो दैवावर ठेवतो. घर वाचवणारा थोरला भाऊ असंच बोलेल.

आणि शेवटची कडवी? तिथे राम तत्त्वज्ञान सोडून सरळ कामाचं बोलतो. मला परत चल म्हणू नकोस, चौदा वर्षं संपल्याशिवाय मी येणार नाही, तू जा आणि राज्य सांभाळ. हात टेकलेला माणूस असं बोलत नाही. कार्यक्रमात वेळेअभावी दोन-तीन कडवी म्हणतात तेव्हा नेमका हा भाग जातो. नाशवंत देहाबद्दलचं उरतं आणि कामाबद्दलचं गळतं. रीलमध्ये तर मुखड्यापलीकडे काही पोचतच नाही. म्हणजे ठपका ठेवणाऱ्यांनी ऐकलेलं गाणं दैववादी आहेही, पण ते माडगूळकरांचं गाणं नाही, त्याची कापलेली प्रत आहे.

शिवाय सव्विसाव्या गाण्यात भरत उत्तर देतो. तो निमूट मान हलवून परतत नाही, पादुका मागतो. रामाचा शब्द पाळतो आणि राज्य मात्र आपलं म्हणत नाही. सुटं ऐकताना रामाचं गाणं शेवटचा शब्द वाटतं, क्रमाने ऐकताना ती संवादातली एक बाजू असते.

इथे तंत्राचाही हात आहे. जुन्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन मिनिटं मावत. मराठी भावगीत त्या मापात घडलं: मुखडा, दोन-तीन कडवी, संपलं. रेडिओला ते माप लागू नव्हतं, म्हणून माडगूळकर सात-आठ-दहा कडव्यांची गाणी लिहू शकले. एलपीच्या एका बाजूवर वीसेक मिनिटं बसू लागली, तेव्हा ती सबंध तबकडीवर येऊ शकली. आज फोनमध्ये जागेची मर्यादाच नाही, आणि आपण मात्र तीन मिनिटांच्याही आत आलोय.

आता आवाजाकडे. एकट्या बाबूजींच्या आवृत्तीबद्दल एक तक्रार रास्त आहे. रेडिओवर सीता बाईच्या आवाजात बोलत होती, तबकडीवर तिचं बोलणं पुरुषाच्या आवाजात गेलं. कौसल्या, अहल्या, शबरी यांचंही तेच. पंचावन्नाव्या गाण्यात लक्ष्मण सीतेला वनात सोडतो तेव्हा ती त्याला विचारते की आता मी जाऊ कुठे. मराठी गाण्यांमधल्या सर्वांत अवघड प्रश्नांपैकी हा एक. तो विचारायलाही तिला स्वतःचा आवाज नसावा?

सुटं गाणं म्हणून ऐकलं तर मला ही तक्रार पूर्ण पटते. बाबूजींचे उच्चार कितीही स्वच्छ असोत, त्यांनी बायकी आवाज काढण्याचा मोह कितीही टाळलेला असो, त्या गाण्यात बाई हवी.

पण अल्बमची चौकट आठवा. पहिल्याच गाण्यात, भूपाच्या त्या चालीत, ठरून गेलंय की ही सगळी कथा कुश आणि लव गातायत आणि समोर बसलेला राम स्वतःची गोष्ट ऐकतोय. दशरथाचा विलाप, शबरीचा आनंद, शूर्पणखेचा संताप, सगळं त्या दोन मुलांच्या तोंडून येतंय. कीर्तनकार उभा राहून क्षणात द्रौपदी होतो, क्षणात कृष्ण, तशी ही रीत. त्या रीतीने बघितलं तर एकाच गायकाने सगळं गाणं ही तडजोड नाही. छप्पन्न गाण्यांच्या रचनेतच ती शक्यता लिहिलेली आहे.

आणि मग पंचावन्नावं गाणं पुन्हा ऐका. वनात टाकलेल्या बाईचा प्रश्न तिची मुलं विचारतायत. ज्याने तिला टाकलं त्याच्यासमोर, भर दरबारात, आणि तो आपला बाप आहे हे ठाऊक नसताना. पुरुषाचा आवाज इथे सीतेची जागा बळकावत नाही, तो मुलाचा आवाज होतो. माझ्या कानांना ही आवृत्ती रेडिओच्या नाट्यापेक्षा जास्त बोचते. मात्र एका अटीवर: पहिलं गाणं ऐकलेलं असलं पाहिजे. बाबूजींचा एकच आवाज अल्बममध्ये पटतो, सिंगलमध्ये पटत नाही. ध्वनिमुद्रण तेच, एक सूरही इकडचा तिकडे नाही, फक्त आधीचं गाणं ऐकलंय की नाही एवढाच फरक.

सुट्या गाण्याला स्वतःचं आयुष्य असतं, हे मला मान्य आहे. कुणाच्या घरात माणूस गेलेलं असताना पंचविसाव्या गाण्याने धीर दिला, तर तिथे जाऊन ‘हे मुळात भरताला उद्देशून आहे’ असं सांगणारा माणूस शहाणा नव्हे. लोक गाणं आपल्या गरजेप्रमाणे वापरतात, वापरावंच. पण वापर वेगळा आणि निवाडा वेगळा. गीतरामायण दैववादी आहे, बायकांना गप्प करणारं आहे किंवा नुसतं गोड आहे, असा निवाडा द्यायचा तर शफल बंद करूनच द्यावा लागेल.

छप्पन्न गाणी सलग ऐकायला आज कुणाला वेळ आहे, असं म्हणाल. नका ऐकू छप्पन्न. एका संध्याकाळी फक्त तेवीस ते सव्वीस ऐका, चारही, सगळ्या कडव्यांसह. दुसऱ्या दिवशी पंचावन्न आणि छप्पन्न. छप्पन्नाव्या, शेवटच्या गाण्यात वाल्मीकी लव-कुशांना सांगतायत की आता जा आणि रामायण गा. ते संपलं की लगेच पहिलं लावा. तिथे ती मुलं गायला उभी राहिलेली आहेत. माडगूळकरांनी शेवटच्या गाण्याचं टोक पहिल्याला जोडून ठेवलंय, आणि अ‍ॅपच्या यादीत त्या दोघांमध्ये चोपन्न गाण्यांचं अंतर दिसतं.