नव्या यंत्रातला जुना राजपुत्र

एखाद्या जुन्या संगीत नाटकाचा नवा प्रयोग आपण पाहतो तेव्हा परीक्षण दोन गोष्टींचे करतो. एक संहितेचे आणि दुसरे प्रयोगाचे. ‘सौभद्र’ रंगभूमीवर आले १८८२ साली. आज त्यातल्या सुभद्रेचा आवाज लागला नाही किंवा तबलजीने भलतीच लय चढवली, तर तो दोष अण्णासाहेब किर्लोस्करांच्या पदरी कुणी बांधत नाही. संगणकावरच्या खेळांच्या बाबतीत मात्र हा साधा विवेक अजून आपल्या अंगवळणी पडलेला नाही. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा एखादा डॉसचा खेळ आजच्या संगणकावर कसाबसा चालू केला जातो, दोन मिनिटे पाहिला जातो आणि “ह्यात एवढे काय होते?” असा शेरा मारून बंद केला जातो. शेरा मारणारा रसिक असेल, तर त्याने आधी एवढे तरी विचारायला हवे की, आपण पाहिला तो खेळ होता की त्याचा एक फसलेला प्रयोग?

हा प्रश्न मला पडला तो ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’मुळे, आणि ह्या लेखात मी मुख्यतः त्याच खेळाविषयी बोलणार आहे. ज्यांनी नव्वदच्या दशकात एखाद्या कॉम्प्युटर क्लासची पायरी चढली असेल, त्यांना पांढऱ्या कपड्यांतला तो चिमुकला राजपुत्र आठवत असेल. सुलतान लढाईवर गेलेला, वजीर जाफर राजवाड्याचा धनी होऊन बसलेला, आणि त्याने राजकन्येला मुदत दिलेली एक तासाची: माझ्याशी लग्न कर, नाहीतर मरण. राजपुत्र तळघरात बंद. खेळणाऱ्याला तळघरापासून मनोऱ्यापर्यंत पोचायचे असते, आणि तेही घड्याळातल्या खऱ्याखुऱ्या साठ मिनिटांत.

जॉर्डन मेकनर नावाच्या अमेरिकन तरुणाने हा खेळ एकट्याने अनेक वर्षे खपून अॅपल-टू ह्या छोट्या संगणकासाठी रचला. तो प्रसिद्ध झाला १९८९ मध्ये. डॉसवर आला १९९० मध्ये. मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून धावायला, उडी मारायला, कठड्याला लोंबकळायला लावले, त्याचे चित्रण केले आणि त्या चित्रांवरून राजपुत्राची एकेक हालचाल उतरवून घेतली. तलवारबाजी घेतली १९३८ च्या रॉबिनहूडच्या चित्रपटातून. म्हणूनच हा राजपुत्र धावता धावता एकदम थांबत नाही, घसरत जाऊन थांबतो. उडी मारण्यापूर्वी त्याला दोन पावले लागतात. कठडा हुकला की शरीराचे सगळे ओझे घेऊन तो खाली आदळतो. त्या काळच्या इतर खेळांतली माणसे पत्त्यांच्या राजासारखी सपाट होती. ह्याला वजन होते.

आणि ह्यात एक सावली आहे. चौथ्या मजल्यावर वाट अडवून एक आरसा उभा राहतो. राजपुत्र त्यातून आरपार उडी मारतो तेव्हा पलीकडून त्याचीच छाया निघून पळून जाते. पुढे ती आपल्या वाट्याचे औषध पिऊन टाकते, दार लावून घेते, आणि शेवटी तलवार उपसून समोर उभी राहते. तिच्यावर वार करावा तर जखम आपल्यालाच होते. तलवार म्यान करून तिला सामोरे गेल्यावाचून गत्यंतर नसते. खेळातली ही सर्वात उत्कट कल्पना सुचली कशी, तर यंत्राच्या गरिबीतून. अॅपल-टूच्या स्मृतीत नव्या पात्राच्या चित्रांना जागाच उरली नव्हती; तेव्हा राजपुत्राचीच चित्रे एका आकडेमोडीने उलटीपालटी करून मेकनरने हा प्रतिस्पर्धी उभा केला. यंत्राची मर्यादा येथे आशयाला आतून घडवीत गेली आहे. मग ते यंत्रच बदलले म्हणजे काय होते, हा प्रश्न निव्वळ तांत्रिक राहत नाही.

तंत्राचा थोडा भाग सांगणे मात्र भाग आहे. वाचकांनी फराळाची बशी जवळ ठेवून तो सोसावा. डॉस ही विंडोजच्या आधीची व्यवस्था. काळा पडदा, लुकलुकणारी एक रेघ आणि आज्ञा टाइप करणारा माणूस, एवढाच तिचा संसार. डॉसचे खेळ पडद्याशी, आवाजाशी, घड्याळाशी मध्यस्थावाचून थेट बोलत. आजची विंडोज चौसष्ट बिटांची असते. त्या अवस्थेतला प्रोसेसर डॉसच्या सोळा बिटांच्या कारभाराला लागणारी जुनी सोय देत नाही, आणि म्हणून खेळाच्या नावावर कितीही वेळा माउस टिचकवला तरी तो सुरू होत नाही. तेव्हा नव्या संगणकाच्या पोटात एक जुना संगणक कल्पून त्यात हा खेळ चालवावा लागतो. ह्या कल्पनेचे दोन मार्ग आहेत, आणि ते वरवर सारखे दिसतात म्हणूनच घोटाळा होतो.

पहिला मार्ग आभासी यंत्राचा, म्हणजे व्हर्च्युअल मशीनचा. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या साधनात डॉस बसवायचा. आजही मोफत मिळणारा, १९९४ पासून चालत आलेला फ्रीडॉस त्यासाठी पुरतो. ह्यात आजूबाजूचे सामान खोटे असते, पण प्रोसेसर आपलाच, खराखुरा आणि आजचा. खेळाच्या आज्ञा तो आपल्या आजच्या वेगाने पार पाडतो. दुसरा मार्ग डॉसबॉक्सचा. हे साधन २००२ पासून उपलब्ध आहे. त्यात प्रोसेसरदेखील खोटा. खेळाची प्रत्येक आज्ञा वाचायची, तिचा अर्थ लावायचा आणि जुन्या यंत्राने जे केले असते ते करून दाखवायचे. एक माणूस जुन्या वाड्यात स्वतः राहायला जातो; दुसरा जुन्या काळच्या माणसाचे सोंग डोक्यापासून पायापर्यंत उभे करतो.

माझा कौल सोंगाच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण लय. मूकपट काढले गेले ते सेकंदाला सुमारे सोळा ते वीस चित्रांच्या गतीने. पुढे बोलपटांच्या चोवीस चित्रांच्या यंत्रावर ते दाखवले गेले तेव्हा त्यांतली गंभीर माणसेसुद्धा तुरुतुरु पळू लागली, आणि दोन पिढ्यांनी असा समज करून घेतला की त्या काळचा अभिनयच मर्कटचेष्टांचा होता. डॉसच्या कित्येक खेळांवर नेमका हाच प्रसंग ओढवला आहे. १९९० चा ‘विंग कमांडर’ हा अंतराळयुद्धाचा खेळ घ्या. पुढच्याच काही वर्षांतल्या वेगवान यंत्रांवर तो इतका धावू लागला की शत्रू दिसेपर्यंत आपण मेलेले. टर्बो पास्कल ह्या लोकप्रिय साधनात रचलेल्या कित्येक कार्यक्रमांची गोष्ट तर हास्यास्पद आणि करुण अशी एकदमच आहे. ते सुरू होताना यंत्राचा वेग मोजून पाहत. यंत्र फार वेगवान निघाले की उत्तर ठरलेल्या रकान्यात मावत नसे, आणि ‘रनटाइम एरर २००’ असा कोरडा निरोप ठेवून ते तिथेच प्राण सोडीत. भविष्यकाळ इतका वेगाने येईल हे त्यांच्या हिशेबातच नव्हते.

आभासी यंत्रात ह्या वेगाला लगाम घालणे अवघड जाते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये प्रोसेसरचा वाटा टक्क्यांनी कमी करता येतो खरा, परंतु त्याने गती संथ होत नाही; ती तुटक होते. धावणे, थबकणे, पुन्हा धावणे. वर आणखी एक गंमत अशी की डॉसला स्वस्थ बसणे ठाऊकच नाही. काही काम नसले तरी तो सारखा “काही हुकूम? काही हुकूम?” असे विचारीत फिरतो, आणि नवा लॅपटॉप त्याच्यापायी पंखा फिरवून फिरवून हैराण होतो. डॉसबॉक्समध्ये मात्र एका ठरावीक काळात किती आज्ञा पार पाडायच्या हे आपण ठरवतो. खेळ चालू असताना कंट्रोल धरून एफ-अकरा दाबले की लय उतरते, एफ-बारा दाबले की चढते. तानपुरा जुळवावा तसे हे कान आणि डोळे लावून करायचे काम आहे. ‘प्रिन्स’ला ह्याचा जाच कमी, कारण तो आपला काळ घड्याळाच्या ठोक्यांवर मोजतो. परंतु सगळेच खेळ इतके शहाणे नाहीत.

लयीनंतर येतो आकार. ह्या बाबतीत मी माझ्या मित्रांशी अनेकदा भांडलो आहे. त्या काळचे चित्र आडवे ३२० आणि उभे २०० ठिपक्यांचे. पण मॉनिटर होता चारास तीन ह्या प्रमाणाचा, म्हणजे प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा उंचीला एकपंचमांशाने अधिक पडे. चित्रकार हे जाणून चित्र काढीत. आजच्या चौरस ठिपक्यांच्या पडद्यावर तेच चित्र जसेच्या तसे टाकले की वर्तुळाची लंबगोल पोळी होते आणि आपला शिडशिडीत राजपुत्र एकदम बुटका, पोट सुटलेला दिसू लागतो. मूळ डॉसबॉक्समध्ये ही दुरुस्ती आपण सांगितल्याशिवाय होत नाही. ‘अॅस्पेक्ट’ असे नाव असलेल्या ओळीत होकार भरावा लागतो. एक शब्द भरायचा कंटाळा, आणि मेकनरच्या भावाच्या अंगकाठीवर अन्याय! छापलेल्या पुस्तकातल्या चित्रांची अशी दशा कुठल्या प्रकाशकाने केली असती तर आपण अग्रलेख लिहिले असते.

आवाजाविषयी माझे मत अनेकांना विक्षिप्त वाटेल. खेळात चांगल्या साउंड कार्डाची सोय आहे, आणि डॉसबॉक्स ती हौसेने पुरवतो. मी ज्या क्लासात हा खेळ प्रथम पाहिला तिथल्या संगणकात असे काही नव्हते. पेटीतला एक टिचभर स्पीकर काय ती किरकिर करी. पण ‘प्रिन्स’मध्ये अखंड वाजणारे पार्श्वसंगीत मुळातच नाही. पावलांचा आवाज, दरवाजाच्या साखळ्या, लांब कुठेतरी मिटणारे पाते, आणि मध्ये नुसती शांतता. ही शांतता त्या किरकिऱ्या स्पीकरवर जितकी अंगावर येई तितकी सुरेल कार्डावर येत नाही. हा माझ्या कानांचा पूर्वग्रह असेल. मी तो सोडणार नाही.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी हे सारे लिहायला घेतले. आभासी यंत्रात एक विलक्षण सोय असते: सबंध संगणक जसा असेल तसा एका क्षणी गोठवून ठेवता येतो, आणि पुढे काही बिघडले की त्या क्षणाकडे परतता येते. ह्याला स्नॅपशॉट म्हणतात. कचेरीच्या कामात ह्यासारखी उपकारक गोष्ट नाही. खेळात मात्र ती विष आहे. गेल्या मे महिन्याच्या सुटीत माझी भाची ‘प्रिन्स’ खेळत होती. मोठी हुशार मुलगी. प्रत्येक उडीआधी यंत्र गोठवायचे, राजपुत्र सुळ्यांवर पडला की परत मागे यायचे. घड्याळातली मिनिटेही अर्थातच तिच्याबरोबर मागे येत. दुपारभरात ती मनोऱ्यावर पोचली.

“मामा, सोपा आहे की हो तुमचा खेळ,” ती म्हणाली.

“सावलीशी लढलीस?”

“हो. दोनदा मेले. मग मागे येऊन तलवार ठेवून दिली. त्यात काय?”

तिचे काहीच चुकले नव्हते. साधनाने दिलेली सोय तिने वापरली. पण आपल्याच हाताने आपल्याला जखम होते आहे हे उमगताना एकुणसाठावे मिनिट सरत असल्याची जी थरथर आमच्या बोटांत उतरे, तिचा लवलेशही तिच्या वाट्याला आला नाही. खेळात स्वतःची नोंद ठेवण्याची सोय आहेच. परंतु तीसुद्धा सबंध मजला पुन्हा करायला लावते. परत न येणारा वेळ हाच ह्या कलाकृतीचा विषय आहे, आणि वेळ परत आणून देणाऱ्या यंत्रात आपण तिचा प्रयोग लावतो! ह्यापेक्षा बुटका राजपुत्र परवडला.

कुणी म्हणेल, हा म्हाताऱ्यांचा सोवळेपणा झाला. रात्रभर चालणारी नाटके आपण तीन तासांवर आणलीच ना? आणली, आणि काही वेळा ती चांगलीही झाली. बदलाला माझी हरकत नाही. तो बदल आहे हे प्रेक्षकाला कळले पाहिजे, एवढीच मागणी. ‘मंकी आयलंड’ ह्या १९९० च्या विनोदी साहसखेळाची नवी आवृत्ती २००९ मध्ये निघाली, तेव्हा कर्त्यांनी एक सुंदर गोष्ट केली. चित्रे नवी, आवाज नवे. पण एफ-दहा दाबले की त्याच जागी, त्याच प्रसंगात जुने चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. पाठभेद तळटीपेत देणाऱ्या साक्षेपी संपादकाचे हे काम आहे. ‘प्रिन्स’चीही डॉस आवृत्ती उकलून आजच्या यंत्रांसाठी काही रसिकांनी नव्याने बांधली आहे, आणि तिच्यात मूळ चुका दुरुस्त करायच्या की तशाच ठेवायच्या हे खेळणाऱ्यावर सोडले आहे.

ही धडपड कुणी केली नसती तर खेळ राहिलेच नसते, हेही नमूद केले पाहिजे. फ्लॉपीवरचे चुंबकीय लेखन वर्षांगणिक विरत जाते. मेकनरचे स्वतःचे मूळ लेखन कित्येक वर्षे हरवलेले होते. २०१२ साली वडिलांच्या घरी एका खोक्यात त्या फ्लॉप्या सापडल्या, आणि जाणकारांनी जुनी यंत्रे जोडून त्यांतली अक्षरे वाचून काढली. ती आज कुणालाही पाहता येतात. इंटरनेट आर्काइव्ह ह्या ग्रंथसंस्थेने २०१५ च्या आरंभी डॉसचे दोन हजारांहून अधिक खेळ थेट ब्राउझरमध्ये चालतील असे मांडून ठेवले, आणि त्यांच्याही पोटात डॉसबॉक्सच आहे. तिथले आवाज कधी अडखळतात, लय कधी डगमगते. तरी वाचनालयातले पुस्तक जरा फाटके असले म्हणून आपण वाचनालयाला नावे ठेवत नाही. मालकी हक्कांचे काटे ह्या वाटेवर पुष्कळ आहेत. ज्यांना ते टाळायचे असतील त्यांच्यासाठी डॉसबॉक्स आत घालूनच जुने खेळ रीतसर विकणारी दुकाने २००८ पासून आहेत.

एक गोष्ट मात्र कुठल्याच यंत्राला पुन्हा उभी करता येत नाही. डॉसच्या ‘प्रिन्स’मध्ये सुरुवातीच्या एका टप्प्यावर औषधाच्या कुप्यांनी भरलेली एक खोली लागते. प्रत्येक कुपीवर एक अक्षर. सोबतच्या पुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या अमुक शब्दाचे पहिले अक्षर कोणते ते पाहून तीच कुपी प्यायची. चुकला त्याचा जीव घटे. चोरट्या प्रतींना आवर घालण्यासाठीची ही युक्ती. आमच्या क्लासात पुस्तिका कुणीच पाहिलेली नव्हती. एका वहीच्या शेवटच्या पानावर मात्र कोणत्या प्रश्नाला कोणती कुपी, ह्याची यादी मुलांनी मरून मरून तयार केलेली होती. दर आठवड्याला तीत एखाद्या अक्षराची भर पडे, आणि ती वही संगणकाच्या पेटीवर, धूळ बसू नये म्हणून घातलेल्या आच्छादनाखाली ठेवलेली असे.