मिल्लचा नियम आणि मिल्लचा अपवाद

कांहीं ग्रंथांचें नांव सर्वांच्या तोंडीं असतें, परंतु ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत फारच थोड्यांनीं वाचलेले असतात. जॉन स्टुअर्ट मिल्ल याचा १८५९ सालीं प्रसिद्ध झालेला 'ऑन लिबर्टी' हा निबंध याच वर्गांत मोडतो. आम्हीं तो कॉलेजांत अनेक वर्षें शिकविला आहे. आणि खरें सांगावयाचें तर त्यांतील एका परिच्छेदावरून आम्हीही पुष्कळ वर्षें घाईनें पुढें जात असूं. एके दिवशीं मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्यानें विचारिलें, "सर, हा नियम आपल्याला लागू आहे काय?" त्या दिवशीं आम्हांस नीट उत्तर देतां आलें नाहीं. तें येथें देण्याचा विचार आहे.

मिल्लचा नियम थोडक्यांत असा. सज्ञान मनुष्यावर त्याच्या इच्छेविरुद्ध सक्ती करण्याचा अधिकार सरकारला किंवा समाजाला एकाच कारणासाठीं पोहोंचतो, व तें कारण म्हणजे दुसऱ्यास होणारी इजा टाळणें. मनुष्याच्या स्वतःच्या हितासाठीं त्यास उपदेश करावा, त्याची विनवणी करावी, त्याच्याशीं वाद घालावा. पण दंड करूं नये. हा नियम लावून पाहतांना मिल्ल कचरत नाहीं. अमेरिकेंतील मेन संस्थानानें १८५१ सालीं केलेल्या दारूबंदीच्या कायद्याचा तो निषेध करतो. विषाची विक्री बंद करूं नये, पण विकणाऱ्यानें गिऱ्हाइकाची नोंद ठेवावी, असें म्हणतो. मुलांस शिक्षण देण्याची सक्ती आईबापांवर करावी, परंतु सर्व शिक्षण सरकारच्या मुठींत जाऊं देऊं नये, हाही त्याचाच आग्रह. आपल्या मुंबईचे पारशी लोकही या ग्रंथाच्या एका तळटीपेंत भेटतात. हिंदु राजांनीं त्यांस गोमांस सोडण्याच्या अटीवर आश्रय दिला व पुढें मुसलमान राज्यकर्त्यांनीं डुकराचें मांस सोडण्याची अट घातली, असें तो सांगतो. ज्या चर्चेस ही टीप जोडली आहे तिचें तात्पर्य एवढेंच, कीं बहुसंख्यांस एखाद्या पदार्थाची शिसारी आहे म्हणून दुसऱ्याच्या ताटावर हुकूम चालवितां येत नाहीं.

येथवर कोणाही स्वातंत्र्यप्रिय वाचकाची मान डोलावी. परंतु पहिल्याच प्रकरणांत, नियम सांगून होतो न होतो तोंच, अपवाद येतो. हा नियम मुलांस लागू नाहीं, आणि जे समाजच्या समाज अजून अज्ञान दशेंत आहेत त्यांसही लागू नाहीं! अशा लोकांवर, त्यांची सुधारणा हा हेतु असल्यास, अनियंत्रित सत्ता चालविणें योग्यच होय. एखादा अकबर किंवा शार्लमेन लाभला तर त्याची आज्ञा निमूटपणें पाळावी, याहून अधिक त्यांच्या वांट्यास कांहीं नाहीं. हें लिहिणारा गृहस्थ १८२३ पासून १८५८ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरींत नोकरीस होता व हिंदुस्थानकडे जाणारे खलिते तयार करीत होता, हें ध्यानांत घेतलें म्हणजे अज्ञान कोण, हें निराळें सांगावयास नको.

मिल्लच्या हेतूविषयीं आम्हांस शंका नाहीं. तो ढोंगी नव्हता. आमचा आक्षेप त्याच्या तर्कावर आहे. त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या प्रकरणांत तो बजावून सांगतो, कीं दुसऱ्याचें तोंड बंद करणारा स्वतःस प्रमादातीत समजतो, व तसा कोणीही मनुष्य नसतो. मग एक राष्ट्र अज्ञान आहे, हें ठरविणारा तेवढा प्रमादातीत कसा ठरला? अज्ञान वारसाची इस्टेट ज्या पालकाच्या ताब्यांत आहे, त्यानेंच वारसाचें वय मोजावयाचें, असा हा न्याय आहे. असा वारस सज्ञान झाल्याची तारीख त्या पालकाच्या पंचांगांत सांपडेल काय?

या न्यायाचें फळ आपण भोगलें आहे. १८७० सालीं दंडविधानांत राजद्रोहाचें १२४अ हें कलम घातलें गेलें. १८९७ सालीं टिळकांवरील खटल्यांत न्यायमूर्ति स्ट्रॅची यांनीं अप्रीति म्हणजे प्रीतीचा अभाव, असा त्याचा अर्थ लाविला. सरकारवर प्रेम नसणें हाच अपराध झाला! १९४७ सालीं पालक गेला, पण कलम राहिलें. १९६२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्याचा अर्थ संकुचित केला, २०२२ सालीं तें स्थगित ठेविलें, आणि १ जुलै २०२४ पासून जुनें दंडविधानच गेलें. तथापि नव्या संहितेंत कलम १५२ आलें आहे, व देशाचें सार्वभौमत्व आणि एकता धोक्यांत आणणें या शब्दांची व्याप्ति कोठें थांबावी, हा प्रश्न शिल्लकच आहे. प्रजेस अजून समजत नाहीं, ही समजूत परक्यांबरोबर जहाजांत बसून गेली नाहीं.

मग हा ग्रंथ टाकून द्यावा काय? आमच्या मतें मुळींच नाहीं. आगरकरांनीं तो टाकला नाहीं. मिल्ल व स्पेन्सर यांच्यापासून त्यांनीं काय घेतलें तें सर्वश्रुत आहे. आपण या नियमास पात्र आहों कीं नाहीं, हें विचारीत ते दाराशीं उभे राहिले नाहींत. १८८८ सालीं 'सुधारक' काढून त्यांनीं तोच नियम आपल्या समाजास लाविला. कारण सरकाराइतकाच लोकमताचाही जुलूम होऊं शकतो, हा मिल्लचा अर्धा सिद्धांत त्यांनीं पुरता ओळखला होता.

आणि येथेंच हा प्रश्न आपल्या ओटीवर येतो. सरकारनें आपणांस अज्ञान समजूं नये म्हणून आपण सभा भरवितों, आणि घरीं येऊन वीस-बावीस वर्षांच्या मुलीस "तुला अजून कळत नाहीं" असें सांगून तिचें शिक्षण व लग्न परस्पर ठरवितों. तेव्हां आपण मिल्लचा नियम स्वतःसाठीं ठेवितों आणि अपवाद तिच्या पदरांत टाकतों. आम्हीही हें केलेलें आहे, हें कबूल केलें पाहिजे.

त्या विद्यार्थ्यास आज आम्ही एवढेंच सांगूं: बाबा, नियम तुला लागू आहे; ग्रंथकर्त्याची परवानगी त्यासाठीं लागत नाहीं. मात्र तो तूं दुसऱ्यास लागू करशील, त्या दिवशींच तो तुझा होईल.